पर्थला जायचंय, पण विद्यार्थी म्हणून कशाला?

प्रश्न: मुलगी 27 वर्षांची, बी.एस्सी. नर्सिंग. सोलापुरात खासगी रुग्णालयात आयसीयूमध्ये चार वर्षं काम करते. तिला ऑस्ट्रेलियात पर्थला स्थायिक व्हायचंय. लख्ख ऊन आणि समुद्र आवडतो म्हणते. एजंट सांगतो, आधी स्टुडंट व्हिसावर बिझनेसचा डिप्लोमा करा, मग पीआर (कायम राहण्याचा परवाना) हमखास. त्यासाठी जुळे सोलापुरातला प्लॉट विकावा का? तिची आई म्हणते, जायच्या आधी लग्न उरकू.
– एक वडील, सोलापूर

उत्तर: नमस्कार. उन्हासाठी सोलापूर सोडणारं माणूस मी पहिल्यांदाच बघतोय! समुद्राचं मात्र खरं. पर्थ पश्चिम किनाऱ्यावर आहे, त्यामुळे कोकणासारखाच सूर्य पाण्यात बुडतो. डिसेंबर-जानेवारीत तिथे ऐन उन्हाळा. पारा कधी चाळिशीही ओलांडतो, मग दुपारी समुद्रावरून गार वारं सुटतं; त्याला तिथले लोक 'फ्रीमँटल डॉक्टर' म्हणतात.

प्लॉट विकू नका. नर्स झालेल्या मुलीनं बिझनेसचा डिप्लोमा का करावा, हे व्हिसा अधिकारीही विचारणारच. शिवाय तिथल्या नर्सिंग नोंदणीसाठी गेल्या पाच वर्षांत किमान 450 तासांचं काम दाखवावं लागतं. म्हणजे आयसीयूतली नोकरी हीच तिची पुंजी. ती सोडून वर्गात बसवायची आणि वर पैसे मोजायचे?

तिनं 'आप्रा' या नोंदणी संस्थेच्या संकेतस्थळावर स्वतःची पात्रता तपासावी. भारतीय पदवीवर साधारणपणे दोन परीक्षा द्याव्या लागतात. एनक्लेक्स-आरएन संगणकावरची, ती हैदराबादलाही देता येते. दुसरी ऑस्की, म्हणजे प्रात्यक्षिक: समोर रुग्ण, हातात चार्ट, घड्याळ चालू. ती पर्थला नव्हे, ऑस्ट्रेलियातल्या दुसऱ्या शहरात होते. त्या प्रवासाचा खर्च आताच धरा. इंग्रजीची आयईएलटीएस किंवा ओईटी वेगळी. आमच्याकडची हुशार मुलं अडतात ती बहुतेक इथेच, आणि तीही लेखनात.

कौशल्याच्या आधारे मिळणाऱ्या व्हिसाच्या गुणांचा हिशेब असा: वय 30, पदवी 15, चांगलं इंग्रजी 10, अनुभव 5; झाले 60. अर्जाला किमान 65 लागतात. आणि अविवाहित अर्जदाराला 10 मिळतात, की झाले 70! जोडीदार आला आणि त्याच्याकडे फक्त कामापुरतं इंग्रजी असलं, तर दहाचे पाच होतात. वहिनींना एवढं सांगा. बाकी लग्न कधी करायचं हे मुलगीच ठरवेल, त्यात मी पडत नाही. 65 झाले म्हणजे अर्ज करायचं बोलावणं आलंच असं नाही, जास्त गुणवाल्यांना आधी बोलावतात. म्हणून 'हमखास' म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न विचारा: तुमचा 'मारा', म्हणजे व्हिसा एजंटांच्या तिथल्या सरकारी नोंदणीचा, क्रमांक काय? तो सरकारी यादीत स्वतः शोधून बघा.

जाताना शेंगा चटणी आणि कडक भाकरी नेणारच ती. विमानातल्या कार्डावर खाद्यपदार्थांपुढे 'हो' अशी खूण करायला सांगा. लपवलं तर जबर दंड होतो. फोनची चिंता नको, पर्थचं घड्याळ आपल्यापुढे अडीचच तास असतं.