आधी गट, मग क्लिक : नेमबाजीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी तेरा वर्षांची मुलगी क्लबमध्ये दहा मीटर एअर रायफलचा सराव करते. तिचे छर्रे बहुतेक वेळा डावीकडे खाली लागतात. ती प्रत्येक छर्‍यानंतर मागच्या साइटचे बटण फिरवते आणि तासाभराने छर्रे उजवीकडे वर जाऊ लागतात. रायफलमध्येच दोष असेल का? – एक पालक, सांगली

उत्तर : दोष रायफलमध्ये असण्याची शक्यता फार कमी आहे. प्रत्येक छर्‍यानंतर साइट फिरवण्याची सवय मात्र आजच थांबवायला हवी. दहा मीटरच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका केवळ ०.५ मिमी व्यासाचा असतो, संपूर्ण काळे वर्तुळ ३०.५ मिमीचे आणि छर्रा ४.५ मिमीचा. शिकाऊ खेळाडूचे पाच छर्रे सहज दीड-दोन सेंटिमीटरच्या परिसरात विखुरतात. त्यांपैकी एखादा छर्रा डावीकडे गेला, तर तो साइटमुळे गेला की श्वास, ट्रिगर किंवा खांद्यामुळे गेला, हे त्या एकट्या छर्‍यावरून कुणालाही सांगता येत नाही. अशा वेळी साइट उजवीकडे सरकवली आणि पुढचा छर्रा विखुरण्याच्या ओघात आपणहून उजवीकडे गेला, की चूक दुप्पट दिसते आणि मुलगी पुन्हा उलटे क्लिक (बटणाचे टप्पे) फिरवते.

म्हणून तिने साइटला हात न लावता, दर वेळी रायफल खांद्यावरून उतरवून आणि नव्याने लावून, पाच छर्रे मारावेत. ते लक्ष्यावर कुठेही लागोत, ते एकमेकांजवळ आहेत का, एवढेच प्रथम पाहावे. हा गट, म्हणजे पाच खुणांचा पुंजका, विखुरलेला असेल, तर साइटचा विषय बाजूला ठेवून शरीराच्या ठेवणीवर काम करावे. गट घट्ट असेल आणि तरीही मध्यापासून दूर असेल, तरच गटाचा मध्य शोधून तेवढेच क्लिक फिरवावेत. नंतर पुन्हा पाच छर्रे मारून खात्री करावी.

एका क्लिकने छर्रा किती सरकतो, हे प्रत्येक साइटचे वेगळे असते. ते मोजण्याची सोपी रीत अशी, की एक गट मारावा, एकाच दिशेने दहा क्लिक फिरवून दुसरा गट मारावा, दोन्ही गटांच्या मध्यांतले अंतर पट्टीने मोजावे आणि त्याला दहाने भागावे. बटणावरील खुणांबाबतही सावध राहावे. अनेक जर्मन बनावटीच्या डायोप्टर साइटवर (बारीक छिद्रातून पाहायच्या मागच्या साइटवर) बटण छर्रा ज्या बाजूला चुकतो त्या दिशेनुसार फिरवायचे असते, म्हणजे छर्रा उजवीकडे जात असेल तर उजवीकडची खूण पाहून फिरवायचे. दुर्बिणीवरील बाण मात्र बहुधा छर्रा कुठे न्यायचा आहे ती दिशा दाखवतो. दोन्ही प्रकार हाताळणार्‍या मुलांचा गोंधळ बहुतेक येथेच होतो.

रायफल क्लबची असेल आणि अनेक मुले ती वापरत असतील, तर रोज पहिल्या गटात फरक दिसणे स्वाभाविक आहे. गाल किती दाबला, डोळा डायोप्टरच्या छिद्रापासून किती दूर राहिला, रायफल किंचित उजवीकडे कलली का (तशी कलली की छर्रा उजवीकडे आणि थोडा खाली जातो), पुढच्या साइटमधील रिंग (जिच्या आत काळे वर्तुळ धरायचे ते कडे) कोणती आहे, या सार्‍यांचा परिणाम होतो. पुष्कळ मुले अचूकतेच्या ओढीने अगदी लहान रिंग निवडतात. काळ्या वर्तुळाभोवती पांढरी कड नीट दिसली नाही, तर डोळा लवकर थकतो आणि मध्य चुकतो. मोठ्या रिंगने गुण वाढलेली मुले मी पाहिली आहेत, त्यामुळे हा बदल आधी करून पाहावा, असे मला मनापासून वाटते. स्पर्धेतही मोजणीचे ६० छर्रे सुरू होण्याआधी तयारी आणि चाचणीसाठी १५ मिनिटे मिळतात आणि त्या वेळात हवे तितके छर्रे मारता येतात. ती १५ मिनिटे गट पाहण्यासाठीच आहेत.

प्रश्न : मी स्प्रिंगवर चालणारी एअरगन घेऊन तिच्यावर दुर्बीण बसवली. दहा-वीस छर्‍यांनंतर नेम सरकतो. दुर्बीण महागाची आहे, तरी असे का व्हावे? – एक वाचक, सातारा

उत्तर : स्प्रिंगच्या एअरगनमध्ये जड पिस्टन वेगाने पुढे जाऊन आदळतो, त्यामुळे बंदूक आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी हिसका देते. साधारण दुर्बिणी केवळ मागे येणारा धक्का सोसण्यासाठी बांधलेल्या असतात, म्हणून किंमत अधिक असूनही त्यांच्यातील भिंगे व तारा सैल होऊ शकतात. एअरगनसाठीच बनवलेली दुर्बीण घ्यावी, पकडीचे स्क्रू तपासावेत आणि दुर्बीण मागे सरकू नये म्हणून अडकण लावावी. शिवाय दुर्बिणीचे भिंग शंभर मीटरच्या आसपास जुळवलेले असेल आणि आपण दहा मीटरवर नेम धरत असाल, तर डोळा किंचित हलला तरी क्रॉसची खूण लक्ष्यावर सरकल्यासारखी दिसते. जवळच्या अंतरावर जुळवता येणारी दुर्बीण हा दोष घालवते. मान्यताप्राप्त एअर रायफल स्पर्धांत दुर्बीण चालत नाही, हे लक्षात ठेवून मुलांना आरंभापासून डायोप्टरचीच सवय लावावी.

प्रश्न : अमेरिकेतील माझा भाऊ घरीच काडतुसे पुन्हा भरतो आणि त्याने अचूकता वाढते, असे सांगतो. माझ्याकडे परवाना असलेली .२२ रायफल आहे. मला येथे तसे करता येईल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : करू नये, आणि आपल्या रायफलसाठी त्याचा उपयोगही नाही. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ मधील कलम ५ नुसार दारूगोळा तयार करण्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो. बंदूक बाळगण्याचा परवाना त्यासाठी पुरत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या कलमाच्या उल्लंघनास किमान सात वर्षांची शिक्षा आहे. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरण्यास केंद्रीय परवाना लागत नाही, म्हणून आपल्या भावाचा छंद तेथे वैध आहे.

दुसरे कारण काडतुसाच्या रचनेत आहे. भाऊ जी काडतुसे भरतो, त्यांच्या बुडाच्या मध्यभागी दारू पेटवणारी वेगळी टोपी असते. वापरलेली टोपी काढून नवी बसवता येते, पितळी पुंगळी पुन्हा मापात आणता येते, दारू तोलून घालता येते आणि वर नवी गोळी बसवता येते. .२२ च्या काडतुसात पेट घेणारे मिश्रण पुंगळीच्या कडेतच भरलेले असते आणि घोडा ती कडच चेपतो. एकदा चेपलेली पुंगळी पुन्हा वापरण्याजोगी राहत नाही.

भाऊ अचूकतेविषयी म्हणतो ते मात्र खरे आहे. प्रत्येक काडतुसात दारूचे वजन सारखे असले, की गोळीचा वेग सारखा राहतो आणि गट घट्ट होतो. त्याच कामात एका पुंगळीत चुकून दुप्पट दारू पडली, तर नळी फुटू शकते, म्हणून अनुभवी लोकही ते काम बोलत-बोलत किंवा दूरदर्शन पाहत करत नाहीत. .२२ च्या नेमबाजाला हीच समानता निवडीतून मिळवावी लागते. एकाच कंपनीच्या एकाच प्रकारच्या काडतुसांचे वेगवेगळे लॉट (एका वेळी बनवलेले साठे) एकाच नळीतून वेगवेगळे गट देतात. म्हणून वरच्या पातळीवरील खेळाडू नळी पकडीत घट्ट बसवून अनेक लॉट तपासतात आणि जो जुळेल तोच साठवून घेतात. आपणही अधिकृत विक्रेत्याकडून दोन-तीन लॉटची थोडी काडतुसे घेऊन, परवान्याच्या मर्यादेत आणि रेंजवरच, आधार देऊन गट तपासावेत. लॉट बदलला की साइट पुन्हा जुळवावी.

प्रश्न : पन्नास मीटर रायफल प्रकारात गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभ्याने मारताना एकच साइट का चालत नाही? – एक खेळाडू, कोल्हापूर

उत्तर : कारण साइटची जुळणी ही रायफल, काडतूस आणि शरीर या तिघांची मिळून होते. पन्नास मीटरवर जाईपर्यंत गोळी सुमारे १२-१३ सेंमी खाली येते आणि दहाचे वर्तुळ केवळ १०.४ मिमीचे असते. इतक्या बारीक हिशेबात, झोपून मारताना पट्ट्याने ताणलेली रायफल आणि उभ्याने तळहातावर तोललेली रायफल धक्का बसताच वेगळी हलते, आणि मानेची ठेवण बदलली की डोळाही वेगळ्या जागी येतो. आपल्याच जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले, ते याच तीन स्थितींच्या प्रकारात. तेथेही स्थिती बदलताना चाचणीच्या गोळ्यांसाठी वेळ दिला जातो. साइटचे बटण एका टोकापर्यंत फिरवून तेथून क्लिक मोजावेत आणि प्रत्येक स्थितीचा आकडा काडतुसांच्या लॉटसह व उजेडाच्या नोंदीसह वहीत लिहावा. म्हणजे स्थिती बदलताना पहिल्या चाचणीच्या गोळीपासूनच साइट जवळपास जागेवर येईल.