आजीला स्मृतिभ्रंश होता, आईला मधुमेह आहे आणि आता ती विसरते. जनुकाची चाचणी करून घ्यावी का?

तुमचा प्रश्न मला असा समजला: आई ७१ वर्षांच्या, मधुमेह पंधराएक वर्षांचा, रक्तदाबाची गोळी चालू. त्यांच्या आईला शेवटची काही वर्षं स्मृतिभ्रंश होता. वर्षभरात आई तेच तेच विचारू लागल्यात, दोनदा गॅस चालू राहिला. घरी येऊन रक्त नेणाऱ्या लॅबने ‘अल्झायमरच्या जनुकाची’ चाचणी सुचवली आहे. ती करावी का, आणि जनुकातच असेल तर साखर सांभाळून उपयोग काय?

मी पुण्यात सिंहगड रस्ता भागात फॅमिली डॉक्टर आहे. माझे बरेचसे पेशंट साठीच्या पुढचे आहेत आणि त्यांची तुमच्या वयाची मुलं अगदी हेच विचारतात.

चाचणी आत्ता करू नका.

ती एपीओई नावाच्या जनुकाची असते. मेंदूत कोलेस्टेरॉलची ने-आण करणारं प्रथिन हे जनुक बनवतं. त्याचे ई२, ई३ आणि ई४ असे तीन प्रकार आहेत, आणि प्रत्येकाकडे आईकडून एक, वडिलांकडून एक अशा दोन प्रती येतात. ई४ ची प्रत असेल तर अल्झायमरचा धोका वाढतो, हे १९९३ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं. एक प्रत असेल तर साधारण तिप्पट, दोन असतील तर आठ ते बारा पट असं सांगतात, पण हे आकडे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरचे आहेत. ई४ असूनही ऐंशी-पंच्याऐंशीपर्यंत बुद्धी शाबूत असलेली माणसं असतात, आणि ई४ नसलेल्यांनाही अल्झायमर होतो. म्हणजे अहवाल हातात आला तरी आई का विसरतात याचं उत्तर मिळत नाही आणि त्यांची एकही गोळी बदलत नाही. अमायलॉइड, म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं प्रथिन, काढून टाकणारी नवी इंजेक्शनं द्यायची असतील तर मात्र हे जनुक आधी बघतात, कारण ई४ च्या दोन प्रती असलेल्यांना त्या औषधाने मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याची भीती जास्त असते. तो निर्णय न्यूरॉलॉजिस्टचा आणि बराच पुढचा.

शिवाय तो अहवाल एकट्या आईंचा नसतो. त्यांच्याकडे ई४ च्या दोन प्रती निघाल्या तर तुमच्याकडे आणि तुमच्या भावंडांकडे एक नक्की आहे. हे कळून घ्यायचंय का, हे सगळ्यांनी बसून आधी ठरवा. लॅबच्या पॅकेजमध्ये सवलत मिळते म्हणून ठरवू नका.

आता ‘जनुकातच असेल तर उपयोग काय’ हा भाग. हे वाक्य ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण त्यापायी लोक हातात असलेलं सोडून देतात. ब्रिटनमधल्या साठीपुढच्या जवळपास दोन लाख लोकांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचा जनुकीय धोका जास्त होता त्यांच्यातसुद्धा व्यायाम, बरा आहार, धूम्रपान नाही, दारू बेताची असं राहणाऱ्यांना स्मृतिभ्रंश सुमारे एक तृतीयांश कमी झाला. तो नुसता निरीक्षणाचा अभ्यास होता हे खरं. पण फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १२६० जणांवर रीतसर प्रयोग झाला: दोन वर्षं आहार, व्यायाम, मेंदूला चालना आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष. ज्यांना नुसता सल्ला दिला होता त्यांच्यापेक्षा यांची बौद्धिक चाचणी चांगली आली, आणि ई४ असलेल्यांनाही फायदा दिसला.

साखरेचा आणि मेंदूचा संबंध सरळ आहे. मधुमेहात आपण डोळ्याचा पडदा आणि किडनी तपासतो, कारण तिथल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. तशाच वाहिन्या मेंदूतही असतात. शिवाय इन्शुलिन मोडणारं एक एन्झाइम अमायलॉइडही मोडतं, त्यामुळे रक्तात इन्शुलिन सतत चढं राहिलं तर अमायलॉइडचा निचरा मागे पडतो, असं मानलं जातं.

मग साखर जितकी कमी तितकं चांगलं का? नाही. तुमच्या आईंच्या वयात सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

माझ्याकडे एक आजी यायच्या, निवृत्त शिक्षिका. मुलाची तक्रार अशी, की आई मधूनच गोंधळते, चिडते, नातवाचं नाव चुकवते, आणि दुसऱ्या दिवशी ठणठणीत. तारखा विचारल्या तर बहुतेक संकष्टीच्या निघाल्या. सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी नेहमीसारखी, दुपारी वाटीभर साबुदाण्याची खिचडी, मग चंद्रोदयापर्यंत काही नाही. पुढच्या संकष्टीला संध्याकाळी ग्लुकोमीटर लावायला सांगितलं, साखर ५८ आली. ही गोळी खाल्लं-न खाल्लं न बघता स्वादुपिंडाकडून इन्शुलिन काढून घेते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, तो साखर झटकन चढवतो आणि मग आधाराला काही उरत नाही. तरुण माणसाला अशा वेळी घाम फुटतो, हात थरथरतात. म्हाताऱ्या माणसात कित्येकदा फक्त गोंधळ दिसतो आणि घरच्यांना वाटतं, झालं सुरू. गोळी बदलली, उपास त्यांनी चालू ठेवला, पण मधे दूध, दाणे, राजगिऱ्याचं थालीपीठ घेऊन. गोंधळ थांबला.

कॅलिफोर्नियातल्या सोळा हजारांहून जास्त वयस्कर मधुमेहींच्या २००९ च्या अभ्यासात, साखर उतरून हॉस्पिटल गाठावं लागलेल्यांना पुढे स्मृतिभ्रंश जास्त झालेला दिसला. आणि तीन महिन्यांची सरासरी साखर (अहवालात एचबीए१सी, टक्क्यांत) सहाच्या खाली नेण्याचा अट्टहास करून बुद्धीला फायदा झाला नाही, हेही प्रयोगात दिसलंय. सत्तरीनंतर ती सरासरी सात-साडेसात ठीक असते, विसरणं वाढलं असेल तर आठपर्यंतही चालवून घेतात. आईंची गोळी कोणती, हे आजच डबीवर वाचा. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्शुलिन असेल तर गोंधळल्या की आधी साखर मोजा. ७० च्या खाली असेल आणि त्यांना नीट गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. गुंगी असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ हॉस्पिटलला न्या. एकटं मेटफॉर्मिन असेल तर साखर उतरायची भीती फारशी नाही, पण ते वर्षानुवर्षं घेतल्याने बी१२ कमी होतं. त्यात घर शाकाहारी असेल तर विचारूच नका, आपल्याकडे बी१२ ची कमतरता घरोघरी आहे. बी१२ कमी असलं की स्मरणशक्ती आणि पायांची संवेदना दोन्हींवर परिणाम होतो, आणि वेळेत पकडलं तर पुष्कळ सुधारणा होते.

म्हणून जनुकाचे पैसे इथे घाला: बी१२, थायरॉइड, सोडियम, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन. कान तपासून घ्या, कारण ऐकूच आलं नाही तर लक्षात काय राहणार? लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणं दिली आहेत, त्यात बहिरेपणा, मधुमेह, रक्तदाब, एलडीएल कोलेस्टेरॉल, एकटेपणा हे सगळं आहे. झोपेची गोळी, सर्दी-खाजेची किंवा लघवीची जुनी गोळी चालू असेल तर तीही डॉक्टरांना दाखवा, यातल्या काही गोळ्यांनी वयस्कर माणसं गोंधळतात. हे सगळं घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे किंवा स्मृतीच्या क्लिनिकमध्ये जा, ते बौद्धिक चाचणी आणि स्कॅन ठरवतील. मात्र वजन उतरवायच्या मागे लागू नका. या वयात आपोआप वजन घटणं हीच कधी कधी आजाराची पहिली खूण असते.

तुम्ही स्वतःचं वय ४६ लिहिलंय. जाडी, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा मेंदूवरचा परिणाम चाळिशी-पन्नाशीतच सुरू होतो, म्हणून खरा फायदा तुमच्या पदरात जास्त आहे. ‘मी तर बारीक आहे’ असं म्हणू नका. आपल्या पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीयाच्या पोटात काय दडलेलं असतं ते त्यात दिसतं. टेप घेऊन कंबर मोजा: पुरुषाची ९० सेंटीमीटरच्या वर, बाईची ८० च्या वर म्हणजे काम करायला हवं. उपाशीपोटी साखर, ट्रायग्लिसराइड, रक्तदाब बघा. तळजाई किंवा पर्वतीची टेकडी जवळ असेल तर रोज चढा, आणि आईंना सपाट रस्त्यावर बरोबर न्या.

एका बाबतीत मात्र थांबू नका. महिन्यांत हळूहळू वाढलेलं विसरणं वेगळं आणि एक-दोन दिवसांत आलेला गोंधळ वेगळा. आई अचानक असंबद्ध बोलू लागल्या, तोंड वाकडं झालं, हात उचलेना, ताप आहे, लघवीला जळजळ आहे, तर साखर मोजा आणि त्याच दिवशी, त्याच तासाला, हॉस्पिटल गाठा. बरोबर सगळ्या गोळ्यांची पिशवी न्या.