ग्लासनोस्त : काचेचा काहीएक संबंध नाही

प्रश्न आहे : 'ग्लासनोस्त', म्हणजे सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांची १९८० च्या दशकातली कारभार उघड करण्याची घोषणा, तो की ती, आणि मराठीत 'पारदर्शकता' म्हटले तर चालेल का?

रशियनमध्ये शब्द स्त्रीलिंगी आहे, मराठीतही 'ती'च ठेवा. 'पारदर्शकता' मात्र नको! 'ग्लास म्हणजे काच, म्हणून आरपार दिसणे' ही व्युत्पत्ती मी भर व्याख्यानात ऐकली आहे. हा 'ग्लास' चर्च स्लाव्होनिकमधला, म्हणजे चर्चच्या जुन्या स्लाव्ह भाषेतला, अर्थ आवाज. रोजच्या रशियनमध्ये त्याचाच भाऊ 'गोलोस', जसा 'ग्राद'चा 'गोरोद', दोन्हींचा अर्थ शहर (लेनिनग्राद, नोव्हगोरोद). निवडणुकीतले मतही 'गोलोस'च.

खरी मजा व्याकरणात आहे. रशियनमध्ये स्वर म्हणजे 'ग्लास्नी' आणि व्यंजन म्हणजे 'सोग्लास्नी'. या दुसऱ्याचा आणखी एक अर्थ : सहमत! माझा लाडका सिद्धान्त असा, की सोव्हिएत संपादक ही निव्वळ व्यंजने होती. वरून स्वर मिळाल्याखेरीज उच्चार नाही. येगोर याकोव्हलेव हा त्यांतला स्वर. १९८६ साली त्यांच्या हाती 'मोस्कोव्स्किये नोवोस्ती' आले, परदेशी वाचकांसाठी चालवलेले प्रचारपत्र. देशाबाहेर काढलेले लेखक व्हिक्तोर नेक्रासोव्ह १९८७ मध्ये पॅरिसला वारले, तर यांनी मृत्युलेख छापला. कम्युनिस्ट पक्षातले बडे नेते लिगाचोव्ह खवळले. जानेवारी १९९१ मध्ये लिथुआनियाची राजधानी विल्नियसला सोव्हिएत सैन्याने माणसे मारली, तेव्हा पहिल्या पानावर काळ्या चौकटीत छापले, की हा राजवटीचा गुन्हा आहे. राजवट कोणाची? ग्लासनोस्तचा घोष करणाऱ्या गोर्बाचेव्हचीच.

इंग्रजी 'ओपननेस'वरून 'मोकळेपणा' करणारे कोशकारही मला मान्य नाहीत. मोकळेपणा स्वभावात असतो. ग्लासनोस्त कोर्टातली : रशियातल्या १८६४ च्या न्यायसुधारणांत खटले उघड चालावेत हे तत्त्व याच शब्दाने आले. ५ डिसेंबर १९६५ ला मॉस्कोच्या पुश्किन चौकात लोक जमले, ते सिन्याव्स्की आणि दानिएल या लेखकांच्या खटल्यात 'ग्लासनोस्त' मागत. त्यांना कोणाचा दिलखुलास स्वभाव नको होता, जाहीर सुनावणी हवी होती. म्हणून 'जाहीरपणा'. 'वाचा फोडणे' तर त्याहून जवळचे, कारण त्यात आवाज आहे.

बाकी याकोव्हलेवांना पुढे नोकरीवरून काढले ते रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांनी, नोव्हेंबर १९९२ मध्ये, ओस्तान्किनो दूरचित्रवाणीच्या प्रमुखपदावरून. मग १९९३ पासून त्यांनी 'ओब्श्चाया गाझेता' साप्ताहिक चालवले. नाव गोर्बाचेव्हविरुद्धच्या ऑगस्ट १९९१ च्या बंडातले, बंदी आलेल्या अकरा वृत्तपत्रांनी मिळून काढलेल्या पत्राचे. 'ओब्श्चाया' म्हणजे सामाईक. तिच्यावर वेगळा प्रश्न पाठवा, सांगण्यासारखे पुष्कळ आहे.