ट्रेनिंग कंपनीत नोकरी करणाऱ्यांना काय आवडतं, काय खटकतं?

तुम्ही लिहिलंय की ट्रेनिंग कंपनीची ऑफर हातात आहे, पद ट्रेनरचं आहे, आणि आतल्या लोकांना खरं काय वाटतं ते कुठेच धड कळत नाही. मी अशा दोन कंपन्यांमध्ये मिळून अकरा वर्षं काढली. पहिली सात ट्रेनर म्हणून उभं राहून, पुढची चार कंटेंट टीममध्ये, म्हणजे शिकवायचं साहित्य तयार करणाऱ्यांत, बसून. ‘उभं राहून’ हे शब्दशः घ्या. पहिल्या वर्षातलं मला सगळ्यात जास्त काय आठवत असेल तर दुखणाऱ्या पोटऱ्या.

दुसऱ्या कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना शिकवणारी कंपनी असेल, तर एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा. या धंद्यात शिकणारा वेगळा आणि पैसे देणारा वेगळा. बॅचमध्ये बसलेल्या वीस जणांपैकी एकानंही खिशात हात घातलेला नसतो. बिल त्यांच्या एचआरच्या नावानं जातं. नोकरीत जे आवडतं ते जवळजवळ सगळं शिकणाऱ्यांकडून येतं, आणि डोक्याला ताप होतो तो बहुतेक बिलाच्या बाजूनं.

आवडतं ते आधी सांगतो. एकदा एक्सेलची बॅच होती. हिशेब खात्यातले एक गृहस्थ, निवृत्तीला आलेले, सकाळपासून हाताची घडी घालून बसले होते. दुपारी मी व्हीलुकअप घेतलं, म्हणजे एका यादीतली नावं दुसऱ्या यादीत शोधून त्यांच्यापुढची रक्कम आणायची. तेव्हा ते पहिल्यांदा पुढे सरकले. दर महिन्याला दोन याद्यांचे प्रिंट काढून, वर पट्टी ठेवून, टिका मारत ते हेच काम करत होते. तीन दिवस जायचे म्हणाले. मग एका बोटानं टाइप करत त्यांनी स्वतः सूत्र लिहिलं, आणि निम्म्या ओळींत एरर आली. पाहिलं तर नावांच्या शेवटी नको तिथे एकेक स्पेस राहिली होती. जादा स्पेस काढणारं ट्रिम लावलं, सूत्र खाली ओढलं, रकाना भरला. ते काहीच बोलले नाहीत. मधल्या सुट्टीत सगळे बाहेर गेले. हे तिथेच बसून आणखी एक फाइल उघडत होते.

असा माणूस दर बॅचला भेटत नाही. पण महिन्यातून एखादा भेटला तरी पुरतो. शिवाय शिकवता शिकवता आपला विषय पक्का होतो. कुणी ‘पण असं का?’ विचारलं की आपल्याला किती अर्धवट माहीत होतं ते तिथल्या तिथे कळतं. तेच तेच शिकवून कंटाळा येतो, अशी तक्रार तुम्ही खूप जणांकडून ऐकाल. मला ती फारशी पटली नाही. पन्नासाव्या वेळी लोक नेमके कुठे अडखळणार हे आधीच दिसायला लागतं, आणि त्यात मजा आहे. विनोद मात्र तेच राहतात, आणि त्यांची आपल्यालाच लाज वाटायला लागते.

आता खटकतं ते. पहिला नंबर फीडबॅक फॉर्मचा. डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन अभ्यासकानं १९५९ मध्ये ट्रेनिंग मोजायच्या चार पायऱ्या मांडायला सुरुवात केली. लोकांना कसं वाटलं, ते काय शिकले, कामावर गेल्यावर त्यांच्या वागण्यात काय बदललं, आणि संस्थेच्या पदरात काय पडलं. या चार पायऱ्या ट्रेनिंग कंपन्यांच्या विक्रीच्या स्लाइडवर हमखास दिसतात. मी जिथे काम केलं तिथे मोजमाप पहिल्या पायरीवरच बसून असायचं, कारण ती फीडबॅक फॉर्म वाटून पाच मिनिटांत मोजता येते. तिसरी पायरी मोजायची तर तीन महिन्यांनी परत जाऊन बघावं लागतं, आणि त्याचे पैसे कुणी देत नाही.

माझी पगारवाढ या पहिल्या पायरीला बांधलेली होती. एका आठवड्यात मला पाचपैकी ४.७ मिळाले, पुढच्या आठवड्यात त्याच विषयाला ३.९. मॅनेजरचा फोन आला, ‘काय बिघडलं?’ फॉर्म काढून वाचले. सहा जणांनी लिहिलं होतं, हॉल फार थंड होता. मग माणूस युक्त्या शिकतो. शेवटच्या चाचणीनंतर फॉर्म वाटायचा नाही, गटांच्या खेळानंतर, लोक हसत असताना वाटायचा. मीही वाटलाय.

दुसरं, सेल्सनं दिलेले शब्द. दोन दिवसांचा विषय ‘चार तासांत बसवू’ म्हणून विकून मोकळे व्हायचे. किंवा रात्री अकरा वाजता स्लाइड्स मेलवर येतात, सकाळी नऊला बॅच, आणि विषय आपण आयुष्यात कधी शिकवलेला नाही. वर्गाच्या एक पान पुढे राहून दिवस काढण्याची कला प्रत्येक ट्रेनरला येते. अभिमानानं कुणी सांगत नाही, इतकंच.

याच रांगेत एक स्लाइड माझी खास शत्रू आहे. ‘माणूस वाचलेलं १० टक्के लक्षात ठेवतो, ऐकलेलं २० टक्के, करून पाहिलेलं ९० टक्के’ असा एक त्रिकोण असतो. खाली नाव एडगर डेल या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांचं. डेल यांनी १९४६ मध्ये अनुभवांचा शंकू, म्हणजे प्रत्यक्ष अनुभवापासून नुसत्या शब्दांपर्यंतची उतरंड, मांडला होता हे खरं, पण त्यात टक्केवारी नव्हतीच. ती नंतर कुणीतरी चिकटवली. मी ती स्लाइड काढा म्हणालो तर उत्तर मिळालं, क्लायंटला आवडते. राहिली.

कंटेंटमध्ये गेल्यावर आणखी एक दुखणं कळलं. एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवलं की निरर्थक अक्षरं पाठ केली तर दिवसभरातच त्यातलं बरंचसं उडून जातं. कामाचा विषय काही निरर्थक अक्षरं नव्हे, पण उजळणी लागते हे ट्रेनिंगमधल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. म्हणून आम्ही प्रस्तावात दोन आठवड्यांनी एक तासाचं उजळणीचं सेशन घालायचो. भाव करताना पहिली कात्री त्यालाच लागायची.

बाकीचं थोडक्यात. घसा जपावा लागतो. आयत्या वेळी सुट्टी जवळपास मिळत नाही, कारण वीस माणसं येऊन बसलेली असतात. सहकारी चांगले असतात पण भेटत नाहीत, प्रत्येक जण वेगळ्या क्लायंटकडे. क्लायंट खर्च आवरायला लागले की पहिली गदा ट्रेनिंगवर येते, मग रिकामे दिवस मोजले जातात आणि वातावरण बदलतं. वरच्या जागाही थोड्याच असतात; सीनियर ट्रेनरच्या पुढे मॅनेजर, कंटेंट, नाहीतर सेल्स. पुष्कळ जण मग स्वतंत्र होऊन दिवसाच्या हिशेबानं फी घेतात.

म्हणून ऑफर स्वीकारण्याआधी करार नीट वाचा. तुम्ही तयार केलेलं साहित्य कुणाच्या मालकीचं, सोडल्यावर किती काळ त्यांच्या क्लायंटकडे काम करता येणार नाही, आणि सर्टिफिकेशनचा खर्च कंपनीनं केला तर मध्येच सोडल्यास तो परत द्यावा लागतो का. मुलाखतीत विचारा की महिन्यात किती दिवस बॅच असते आणि तयारीचे दिवस कामात धरतात का. माझ्या पहिल्या कंपनीत धरत नव्हते; त्या वर्षी माझे जवळजवळ सगळे रविवार स्लाइड्समध्ये गेले.

आणि जमल्यास त्यांच्या एखाद्या चालू बॅचमध्ये अर्धा दिवस मागे बसू द्या म्हणा. ट्रेनरकडे बघू नका. मधल्या सुट्टीत किती जण खुर्चीवरून उठत नाहीत ते मोजा.