शुगर लो होऊन ऍडमिट झालेला पेशंट घरी आल्यावर काही दिवसांत परत लो का होतो?

तुम्ही लिहिलंय की वडील ७२ वर्षांचे आहेत, ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची गोळी सकाळ-संध्याकाळ आणि रात्री इन्सुलिन, एक दिवस सकाळी उठवायला गेलात तर घामाने भिजलेले आणि काहीतरी असंबद्ध बोलत होते, शुगर ३८. हॉस्पिटलात ग्लुकोज चढवलं, तासाभरात नीट बोलायला लागले, तिसऱ्या दिवशी घरी सोडलं आणि आठवड्याच्या आत परत तेच. आणि विचारलंय की हॉस्पिटलने घाई केली की घरी आमचंच काही चुकतंय.

मी डायबिटीस एज्युकेटर आहे, डॉक्टर नाही, म्हणून डोसबद्दल काही सांगणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. पण पेशंटला घरी सोडताना नातेवाइकांशी बसून बोलणं हेच माझं रोजचं काम आहे, आणि लो शुगरचा पेशंट परत येतो तेव्हा बहुतेक वेळा एकच प्रकार दिसतो, की पहिल्या वेळी शुगर वर आणली पण ती खाली का गेली होती हे कुणी शोधलंच नाही. ३८ ची १५० झाली, सगळ्यांना हायसं वाटलं आणि मूळ कारण जसंच्या तसं घरी आलं. त्यामुळे तिसऱ्या दिवशी सोडलं यात मला फार वावगं वाटत नाही, पण डिस्चार्ज कार्डवर गोळी तीच आणि डोस तोच असेल तर मात्र मी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायला सांगेन.

आधी क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी कशी चालते ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट काढून बघा. वय झालेल्या पेशंटमध्ये मला सगळ्यात जास्त हेच सापडतं. इन्सुलिन शरीरातून बाहेर काढायचं बरंचसं काम किडनी करते, म्हणजे किडनी मंद झाली की टोचलेलं इन्सुलिन जास्त वेळ रक्तात राहतं, आणि ग्लिमेपिराइडच्या कुळातल्या गोळ्यांचंही थोडंफार तसंच होतं. घरचे म्हणतात "अहो दहा वर्षं हाच डोस चालू आहे, कधी त्रास नाही झाला", आणि ते खरंच असतं, डोस बदललेला नसतो, किडनी बदललेली असते. या कुळातली जुनी गोळी ग्लिबेनक्लामाइड, म्हणजे डाओनिल, ती तर फार वेळ काम करत राहते, म्हातारपणी ती टाळावी असं अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञांच्या यादीत स्पष्ट लिहिलेलं आहे, तरी कधीकधी घरच्या डब्यात निघतेच.

या गोळ्यांचं अजून एक आहे जे नातेवाइकांना कुणी सांगत नाही. या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, शुगर कितीही असो, आणि वरून ग्लुकोज चढवलं की त्या ग्लुकोजमुळे अजून इन्सुलिन सुटतं. म्हणून पेशंट शुद्धीवर येतो, चहा-बिस्कीट खातो, घरचे म्हणतात आता बरे आहेत घेऊन जातो, आणि सहा-आठ तासांनी शुगर परत खाली. गोळीमुळे लो झालं असेल तर निदान २४ तास तरी लक्ष ठेवावं लागतं, किडनी खराब असेल तर दोन-तीन दिवससुद्धा. कॅज्युअल्टीतूनच सही करून घेऊन जाणारे लोक बघितले की जीव कासावीस होतो माझा. तुम्ही तसं केलं नाहीत हे चांगलं केलंत.

आता हॉस्पिटलातला डोस आणि घरचा डोस. समजा वडिलांना त्या वेळी इन्फेक्शन होतं, किंवा स्टिरॉइड चालू होतं, तर अशा वेळी शुगर चढलेली असते आणि तिथे इन्सुलिन वाढवून देतात, जे बरोबरच असतं. घरी आल्यावर इन्फेक्शन उतरतं, स्टिरॉइड कमी होतं, भूक मात्र अजून परत आलेली नसते, अर्धी भाकरी खाऊन ताट सारतात, आणि इन्सुलिन मात्र वाढवलेलंच चालू. आणि लघवीच्या इन्फेक्शनसाठी अँटिबायोटिक दिलं असेल तर त्याचं नाव बघा, सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन किंवा को-ट्रायमॉक्साझोल असेल तर ही औषधं शुगरच्या या गोळ्यांबरोबर शुगर अजून खाली नेऊ शकतात. औषध मनाने बंद करू नका, पण डॉक्टरांना आठवण करून द्या की बाबांना लो होतंय आणि हेही चालू आहे.

मग तो गोळ्यांचा डबा. हे मी प्रत्येकाला सांगते, डबा उलटा करा आणि सगळ्या स्ट्रिप्स टेबलावर मांडा. डिस्चार्जला एका कंपनीचं नाव लिहिलेलं असतं, घरी दुसऱ्या कंपनीची जुनी स्ट्रिप असते, नावं वेगळी असल्यामुळे बाबा दोन्ही घेतात, आणि दोन्हीत ग्लिमेपिराइडच असतं. मोठ्या अक्षरातलं नाव सोडा, खालचं बारीक अक्षरातलं वाचा, नाहीतर मेडिकलवाल्याला वाचायला सांगा. कुणी ओळखीच्याने दिलेली शुगरची पुडी किंवा चूर्ण चालू असेल तर तेही सांगा, लपवू नका, अशा बिननावाच्या औषधांत ग्लिबेनक्लामाइड मिसळलेलं सापडलेलं आहे.

इन्सुलिन कोण देतं आणि कशाने देतं तेही बघा. आपल्याकडे बाटली साधारण ४० युनिटची असते आणि पेनची कार्ट्रिज १०० ची, एका मिलिलिटरमध्ये तेवढे युनिट असा त्याचा अर्थ. लाल टोपीची सिरिंज ४० साठी, केशरी टोपीची १०० साठी. पेन बिघडलं म्हणून कार्ट्रिजमधून लाल टोपीच्या सिरिंजने १० च्या रेघेपर्यंत ओढलं तर अंगात जातात २५ युनिट, अडीच पट. नजर कमी झालेला माणूस एकटा इन्सुलिन घेत असेल तर कुणीतरी शेजारी बसून एकदा बघाच. पोटावर टोचून टोचून गाठी झाल्या असतील तर त्याही डॉक्टरांना दाखवा, गाठीत टोचलेलं इन्सुलिन नीट लागत नाही म्हणून डोस वाढत जातो आणि मग एक दिवस चांगल्या जागी टोचलं की धाडकन खाली.

आणि आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. एकदा जोरात लो झालं की पुढचे काही दिवस शरीराची धोक्याची घंटाच मंद होते. थरथर, धडधड, कसंतरी होणं, ही लक्षणं ॲड्रेनलिनमुळे येतात आणि लो होऊन गेल्यावर ते पुढच्या वेळी कमी सुटतं, म्हणजे पहिल्या वेळी ६० ला कळलं असेल तर दुसऱ्या वेळी ४५ ला पण कळणार नाही, थेट बरळणं किंवा बेशुद्धीच. बीपी-हार्टसाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर धडधड अजूनच दबते, घाम मात्र येतो, तेवढी खूण लक्षात ठेवा. चांगली गोष्ट ही की दोन-तीन आठवडे शुगर अजिबात लो होऊ दिली नाही तर बऱ्याच जणांत ही जाणीव परत येते. म्हणून घरी आल्यानंतरचे हे पहिले आठवडे मी फार जपायला सांगते, "कळलं की साखर खातील" यावर या काळात विसंबून राहू नका, मशीनने बघा, जेवणाआधी, झोपताना, आणि सुरुवातीचे काही दिवस रात्री तीनला पण. त्रास आहे, मला कळतं, पण वडील रात्री झोपेत लो होतायत हे तुम्हीच लिहिलंय.

तुमच्या प्रश्नात एक वाक्य होतं, "नाहीतर त्यांची शुगर एकदम ११० असते, कंट्रोल मस्त आहे". मला खरं सांगायचं तर याचीच काळजी वाटली. ७२ व्या वर्षी, सोबत इतर आजार असतील तर इतका कडक कंट्रोल लागत नाही, अमेरिकन डायबिटीस असोसिएशन अशा पेशंटसाठी एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, ८ च्या खाली पुरे म्हणते. अमेरिकेत ॲकॉर्ड नावाची दहा हजारांवर पेशंटची मोठी चाचणी झाली, त्यात ६ च्या खाली आणायचा प्रयत्न केलेल्या गटात मृत्यू जास्त झाले म्हणून २००८ मध्ये तो भाग थांबवावा लागला. तिथलाच २०११ चा एक अभ्यास आहे, ६५ च्या वरच्या लोकांना औषधांच्या त्रासामुळे तातडीने ऍडमिट करावं लागतं त्यात जवळपास दोन तृतीयांश वेळा चारच प्रकारची औषधं होती, रक्त पातळ करणारी दोन प्रकारची, इन्सुलिन, आणि शुगरच्या गोळ्या. म्हणजे तुमच्या घरात जे झालं ते काही जगावेगळं नाही.

लो झालं तर काय द्यायचं ते बहुतेकांना माहीत असतं, ७० च्या खाली आणि गिळता येत असेल तर तीन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यात, १५ मिनिटांनी परत मोजायचं, अजून खालीच असेल तर परत तेवढंच, नंतर थोडं जेवण. पण गोळीत व्होग्लिबोज असेल, आपल्याकडे तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्यांत ते बऱ्याचदा असतं, तर साधी साखर लवकर लागू होत नाही, कारण साखर फोडणारं एन्झाइमच ते अडवतं, तिथे ग्लुकोजच हवं. चॉकलेट, बिस्कीट, पेढा नको, वेळ जातो. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन. आणि लो झाल्यावर ग्लुकोज दिलं की दोन तासांनी शुगर २८० दिसेल, तेव्हा घाबरून जास्तीचं इन्सुलिन देऊ नका, परत खाली जाण्याचं हेही एक कारण असतं.

वडील एकादशी किंवा श्रावणी सोमवार करत असतील तर गोळी आणि इन्सुलिनचं त्या दिवशी काय करायचं हे आधीच लिहून घ्या, आत्ता काही दिवस तर उपास नकोच.

पुढच्या फॉलोअपची वाट बघत बसू नका. सगळ्या स्ट्रिप्स, इन्सुलिन आणि सिरिंज, दोन्ही वेळची डिस्चार्ज कार्डं, क्रिएटिनिनचा रिपोर्ट आणि शुगरची वही पिशवीत घालून या दोन-चार दिवसांतच जा, आणि डॉक्टरांना सरळ विचारा की बाबांची शुगर लो का झाली आणि आता कोणतं औषध कमी करायचं. रात्रीचं इन्सुलिन आणि संध्याकाळची गोळी यातलं नक्की काय चालू ठेवायचं ते त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या. त्याआधीच परत ७० च्या खाली गेली तर ग्लुकोज देऊन शुगर वर आणा आणि पुढचा डोस द्यायच्या आधी त्यांना फोन करा, रात्र असली तरी.