पिस्टनला नव्या रिंगा टाकताना होनिंग (बोअर, म्हणजे सिलिंडरचं भोक, आतून दगडाने घासणं) करायलाच हवं का? आणि हेडचे बोल्ट अंदाजाने आवळले तर काय बिघडतं?

तुमच्या प्रश्नातली हकिगत थोडक्यात अशी: गेल्या पावसाळ्यात ट्रॉलरच्या सहा सिलिंडरच्या इंजिनात नव्या रिंगा टाकल्या, आणि डिसेंबरपर्यंत निळा धूर परत सुरू झाला. मध्ये एकदा हेड गॅस्केटही (हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) गेली. मेकॅनिक म्हणाला, बोअर आरशासारखा होता, होनिंगची गरजच नव्हती. आणि बोल्ट आवळायला त्याचा वीस वर्षांचा हात पुरे आहे. यंदा तुम्ही स्वतः उभे राहून काम करून घेणार आहात.

मी रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या बाजूला बोटींचीच इंजिनं खोलतो. तुमच्या मेकॅनिकला वाईट म्हणणार नाही, मीही सुरुवातीची काही वर्षं हेच बोलायचो. पण बोअर आरशासारखा होता, म्हणूनच बिघडलं.

जाळं वर घेऊन मासळी निवडेपर्यंत इंजिन नुसतं भकभकत राहतं. धक्क्याला लागल्यावरही बॅटरीसाठी चालूच. डिझेल इंजिन असं तासन्‌तास बिनलोडचं चाललं की बोअरवर जळक्या ऑइलचा कडक, चकचकीत थर चढतो. आम्ही त्याला ग्लेझ म्हणतो. नवी रिंग बसायची तर तिला आणि लायनरला (सिलिंडरच्या आतल्या नळीला) एकमेकांवर थोडं घासून जुळावं लागतं. काचेवर ती नुसती घसरते. मग ऑइल वर चढतं आणि गॅस खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीत जातो. होनिंग म्हणजे हा थर काढून बोअरवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा पाडणं. त्या रेघांत ऑइल टिकतं आणि रिंग बसते.

पण होनिंगने झिजलेला बोअर सरळ होत नाही. हे आधी तपासा, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात. बोअर गेज नसेल तर एक जुनी युक्ती आहे. एक रिंग लायनरमध्ये घाला, पिस्टन उलटा धरून त्याच्या डोक्याने ती सरळ ढकला आणि फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पत्त्यांनी) तिच्या तोंडाची फट मोजा. एकदा वर, जिथे वरची रिंग थांबते तिथे. एकदा अगदी खाली, जिथे झीज नसते. समजा वर ०.९ मिमी आली आणि खाली ०.५. फरक ०.४, त्याला ३.१४ ने भागा. म्हणजे बोअर वरच्या बाजूला सुमारे ०.१३ मिमी मोठा झालाय. मॅन्युअलमध्ये हद्द दिलेली असते तीच धरायची, पण माझ्यापुरतं सांगायचं तर ०.१ च्या पुढे गेलं की मी होनिंगच्या भानगडीत पडत नाही, लायनरच बदलायला सांगतो. वरच्या टोकाला नखाला अडकणारा कंगोरा असेल तर तीच गोष्ट.

क्रोमचा मुलामा असलेल्या बोअरला साध्या दगडांनी हात लावू नका. साध्या ओतीव लोखंडाच्या लायनरला १८० ते २४० ग्रिटचे दगड चालतात. तीन दगडांचा होन घ्या किंवा बाटली धुवायच्या ब्रशासारखा गोळ्यांचा होन घ्या. ग्लेझ काढण्यापुरता गोळ्यांचा होन मला जास्त आवडतो, नवशिक्याच्या हातून कमी बिघडतं. लायनर काढता येत असतील तर बाहेर काढूनच करा. ब्लॉक जागेवर ठेवून करणार असाल तर क्रँक ग्रीस लावलेल्या कापडाने आणि वर प्लास्टिकने गच्च झाका. दगडाची पूड खाली पडते, आणि ती बेरिंगच्या शेलमध्ये गेली तर तुमचा पुढचा सीझन गेला.

सगळ्यात जास्त चूक होते ती ड्रिलच्या वेगात. लोक लाकडाला भोकं पाडायचं ड्रिल लावतात आणि फुल्ल सोडतात. हिशोब करून बघा. बोअर १०० मिमीचा असेल आणि ड्रिल मिनिटाला २०० फेरे घेत असेल, तर दोन रेघांमध्ये ४५ अंशांचा कोन पडायला हात सेकंदाला साधारण ४३ सेंमी वर-खाली चालला पाहिजे. म्हणजे २०० मिमी लांबीच्या लायनरमध्ये सेकंदाला दोन खेपा. हे जमतं. हजार फेऱ्यांना तोच कोन हवा असेल तर सेकंदाला दहा खेपा कोण मारणार? मग रेघा जवळजवळ आडव्या पडतात आणि रिंग त्यांच्यावरून खडखडत जाते. उलट फार उभ्या पडल्या तर ऑइल त्यांच्यातून वाहून जातं. ४५ ते ६० अंशांच्या मध्ये राहा. डिझेल किंवा होनिंग ऑइल धारेने सोडत राहा, एका जागी थांबू नका आणि ड्रिल बंद करायच्या आधी होन बाहेर काढू नका, नाहीतर एक उभा ओरखडा कायमचा राहतो... चुकलो, उलट लिहिलं. गोळ्यांचा होन फिरता आणि वर-खाली चालू ठेवूनच बाहेर घ्यायचा. आतच थांबवून ओढला की तो ओरखडा पडतो. एका सिलिंडरला १५-२० सेकंद, मग पुसून बघा. सगळीकडे एकसारखा राखाडी रंग आला की थांबा.

आता मुद्द्याची गोष्ट, धुणं. मी पहिल्यांदा स्वतःच्या जबाबदारीवर होनिंग केलं तेव्हा बोअर डिझेलने धुतला, फडक्याने पुसला, पिस्टन चढवले. एका सीझनमध्ये नव्या रिंगा कागदासारख्या पातळ झाल्या. डिझेल ऑइल काढतं, पण रेघांत रुतलेली दगडाची पूड तिथेच राहते, आणि मग इंजिन आतून स्वतःलाच पॉलिश पेपर मारत बसतं. ज्या मिस्त्रींकडे मी शिकलो त्यांना ते इंजिन दाखवलं. ते काही बोलले नाहीत. पुढच्या कामाला त्यांनी बादलीभर कढत पाणी, कपडे धुवायची पावडर आणि नायलॉनचा ब्रश माझ्यासमोर ठेवला. घासून, पाणी ओतून झाल्यावर अंगातल्या जुन्या पांढऱ्या बनियनचा तुकडा फाडला, इंजिन ऑइलमध्ये बुडवून बोअरमधून फिरवला. काळा निघाला. पुन्हा धू. दुसरा तुकडा राखाडी. पुन्हा धू. चौथा तुकडा पांढरा निघाला तेव्हा म्हणाले, आता पिस्टन आण. आजही माझ्याकडे रंगीत फडकं चालत नाही.

आपल्याकडे आणखी एक भानगड. जुलैच्या दमट खाऱ्या हवेत धुतलेला बोअर नुसता ठेवला तर चहा येईपर्यंत तांबूस दिसायला लागतो. हवा मारा आणि लगेच ऑइल चोपडा.

बोल्टांकडे वळू. बोल्ट ही एक कडक स्प्रिंग आहे. आवळताना तो किंचित ताणला जातो आणि त्या ताणाने हेड खाली दाबून धरतो. आपल्याला हवा असतो तो हा ताण, पण हाताला कळतो फक्त फिरवायला लागणारा जोर. शंभर भाग जोर लावला तर साधारण नव्वद भाग आट्यांच्या आणि बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणातच जातो, ताणायला उरतात दहा. गंजाने ते नव्वद पंच्याण्णव झाले की ताण निम्मा झाला, आणि हाताला फरक शून्य. वीस वर्षांचा हात असो की चाळीस. तुमची गॅस्केट बहुतेक इथेच गेली.

टॉर्क पानाही फिरवायचा जोरच मोजतो, म्हणून गंजलेल्या आट्यांवर पाचआकडी किमतीचा पानासुद्धा खोटं बोलतो. आधी वायर ब्रशने आटे साफ करा, ब्लॉकमधल्या भोकांत टॅप (आटे पाडायचं हत्यार) हलक्या हाताने फिरवा. मॅन्युअलमध्ये आट्यांना ऑइल लावायला सांगितलं असेल तरच लावा, थेंबभर. कोरड्यासाठी दिलेला आकडा ऑइल लावून वापरला तर बोल्ट बराच जास्त ताणला जातो. आणि भोक खालून बंद असेल तर त्यात ऑइल किंवा पाणी साचू देऊ नका. द्रव दबत नाही. मी एकदा हवा मारायला विसरलो होतो. पाना नेहमीसारखाच जड लागत होता, मग बारीक 'टक्' असा आवाज आला आणि भोकाच्या कडेने ब्लॉकवर केसाएवढी रेघ उमटली. मालकाला नवा ब्लॉक मी घेऊन दिला.

गंजतात म्हणून हेडला स्टेनलेसचे बोल्ट टाकायची टूम आपल्या किनाऱ्यावर फार आहे. टाकू नका. बाजारात मिळणारा साधा स्टेनलेस बोल्ट, डोक्यावर ए२-७० लिहिलेला, ४५० मेगापास्कलला कायमचा ताणला जातो, ८.८ चा साधा पोलादी बोल्ट ६४० ला. हेडला तर बहुधा त्याहूनही वरच्या दर्जाचे असतात. शिवाय स्टेनलेसचे आटे आवळताना एकमेकांना चिकटून बसतात. पंपाच्या कव्हरला, पाईपच्या क्लिपला खुशाल वापरा.

क्रम मधून बाहेर, आणि तीन टप्प्यांत. आकडा १२ किलोमीटरचा, म्हणजे किलोग्रॅम-मीटरचा (आमच्यात असंच म्हणतात, रस्त्याचे किलोमीटर नव्हेत) असेल तर आधी सगळे ४, मग सगळे ८, मग १२. न्यूटन-मीटरमध्ये हवं असेल तर ९.८ ने गुणा. पाना हिसका न देता सावकाश ओढा आणि 'कट्' झालं की थांबा, पुन्हा एकदा कट् करून बघायची खोड वाईट. बोल्ट सोडवायला टॉर्क पाना वापरू नका आणि काम झालं की सेटिंग सर्वात खालच्या आकड्यावर आणून ठेवा. मॅन्युअलमध्ये टॉर्कनंतर '९० अंश' असं काही लिहिलं असेल तर बोल्टच्या डोक्यावर रंगाचा ठिपका द्या आणि तेवढंच फिरवा. असे बोल्ट बहुतेक वेळा एकदाच वापरायचे असतात.

तुमच्या इंजिनाचा नेमका आकडा मला विचारलाय, तो मी देणार नाही. एकाच नावाच्या इंजिनात बोल्ट बदललेले असतात. प्लेटवरचा इंजिन नंबर घेऊन त्याचंच मॅन्युअल मिळवा.

इंजिन चालू झाल्यावर ऑइल प्रेशर आणि गळती बघा, गरम होऊ द्या, आणि मग ते धक्क्याला बांधून दिवसभर आयडलला ठेवू नका. रनिंग काढायची (नव्या रिंगा बसवून घ्यायची) ही पद्धत सगळीकडे दिसते आणि तिनेच नव्या रेघांवर परत ग्लेझ चढते. बोट पाण्यात न्या, मध्यम लोड द्या, आरपीएम कमी-जास्त करत राहा. रिंग मागून गॅसचा दाब आल्याशिवाय बसत नाही.

आणि लायनर मोजायचं काम पावसाळी मासेमारी बंदीच्या पहिल्या पंधरवड्यातच उरका. जून-जुलैचे ६१ दिवस खूप वाटतात, पण जुलै उजाडला की लेथवाल्याच्या दारात प्रत्येक बंदराचे लायनर रांगेत असतात.