देवाचा आवाज खरंच ऐकू येतो का?

तुम्ही विचारलंय, ख्रिस्ती लोक ‘प्रभूने मला सांगितलं’ म्हणतात तेव्हा खरंच आवाज येतो का, आणि तो आपल्याच मनाचा नाही हे कसं ओळखायचं.

मी भायखळ्याच्या चाळीत, मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढलो. कानाने आवाज मी आजवर एकदाही ऐकलेला नाही. चूक मात्र केली आहे, ती आधी सांगतो.

मी एसी दुरुस्तीचं काम करायचो आणि आखातात जायचं डोक्यात घेतलं होतं. एका रात्री प्रार्थना केली, डोळे मिटून बायबल उघडलं आणि बोट ठेवलं. निघाला उत्पत्तीचा 12वा अध्याय. देव अब्राहामाला सांगतो, आपला देश, आपले नातलग सोडून मी दाखवीन त्या देशात जा. अंगावर काटा आला. दुसऱ्याच दिवशी एजंटला 80 हजार दिले. दोन महिन्यांनी त्याच्या ऑफिसला कुलूप होतं.

देवावर फार रागावलो. मंडळीतल्या एका आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “बाळा, तू त्याला विचारलंस, की आधीच ठरवून त्याची नुसती सही घेतलीस?”

त्यांनीच मला बायबलमधली लहानग्या शमुवेलाची गोष्ट पुन्हा वाचायला लावली. देव हाक मारतो, पोराला वाटतं मंदिरातल्या एली याजकाने बोलावलं, आणि ते तीनदा त्याच्याकडे धावतं. ती हाक देवाची आहे हे ओळखलं एलीने, म्हाताऱ्याने, ज्याला धड दिसतही नव्हतं. म्हणून मी आता कुठलीही गोष्ट एकट्याने ठरवत नाही. बायबलच्या वचनाशी जुळते का बघतो, जाणत्या माणसाशी बोलतो आणि थांबतो. थांबणं सगळ्यात जड जातं. पण घाई बहुतेक वेळा माझीच असते, देवाची नसते. कवी ना. वा. टिळकांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना त्याच वाटेवर यायला पुढे पाचेक वर्षं लागली, आणि देवाने तेवढी वाट पाहिली.

आणखी एक खूण, माझ्या अनुभवातली. आईचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा मी पनवेलला चांगल्या पगारावर होतो. रोज पहाटे प्रार्थनेला बसलो की एकच गोष्ट मनात यायची: घराजवळ काम बघ. मला ते नको होतं. पगार जवळजवळ निम्मा होणार होता. तीन आठवडे मी दुसरं काहीतरी ऐकू यावं म्हणून धडपडलो. पण ते हटेना, आणि ओरडेनाही. बायबलमध्ये होरेब डोंगरावर एलीया संदेष्ट्याला वारा, भूकंप, अग्नी या सगळ्यांनंतर मंद वाणी ऐकू आली. तसंच काहीसं. माझ्या मनाने माझ्या तोट्याचं इतक्या शांतपणे कधी सुचवलेलं नाही.

शेवटी पनवेलची नोकरी सोडून माझगावात काम धरलं. आई त्यानंतर 14 महिने होती. तिला मोजूनमापून पाणी प्यावं लागायचं, म्हणून सकाळचा अर्धा कप चहा ती घोट घोट पुरवून प्यायची. तो कप रोज माझ्या हातून तिच्या हातात जायचा.